आज लागतंय तेवढंच कोड लिहा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या हळद अडत्याने शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, काढायला सॉफ्टवेअर मागितलं, की आपल्या डोक्यात लगेच मोठा आराखडा तयार होतो: कपातीचे नियम हवे तसे बदलणारं इंजिन, बेदाण्यासाठी वेगळं मॉड्यूल, पाच-सहा स्वतंत्र सर्व्हिसेस. त्याला आज हवंय काय? पोती, वजन, दर, त्यातून हमाली-तोलाई वजा आणि छापील पट्टी. एवढंच लिहा.

कपातीला एक साधं फंक्शन पुरतं. बेदाण्याचं काम खरोखर आलं, की दुसरं लिहा; दोन्हींत थोडं कोड सारखं दिसलं तरी चालेल. तोच तुकडा तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली, की मग सामाईक भाग बाहेर काढा. तोवर नेमकं काय सारखं आणि काय वेगळं, हे कळलेलं असतं. घाईने काढलेल्या सामाईक फंक्शनला पुढे प्रत्येक अपवादासाठी एकेक फ्लॅग (हो-नाही सांगणारी खूण) चिकटत जातो, आणि तो गुंता सोडवणं दोनदा लिहिलेल्या कोडपेक्षा कितीतरी अवघड.

एका दुकानातल्या एका संगणकाला एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस भरपूर झाला. सगळा डेटा एका फाइलमध्ये, वेगळा सर्व्हर नाही. बॅकअप मात्र रोज घ्या.

आणि साधेपणाच्या नावाखाली पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक साठवणाऱ्या संख्याप्रकारात, ठेवू नका. बायनरी फ्लोटमध्ये ०.१ + ०.२ नेमके ०.३ होत नाहीत. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून साठवा. शेतकऱ्याच्या पट्टीत एका पैशाचाही फरक पडता कामा नये.