फंडात कंपनी किती भरते? पासबुक आणि पगाराची स्लिप अशी जुळवा

वाळूजची कंपनी असो, जालन्याची रोलिंग मिल असो की लातूरची डाळ मिल, कामाला लागताना प्रश्न ठरलेला असतो: ‘फंड (पीएफ) कापतात का?’ खरं तर विचारायला हवं ते पुढचं. कापतात ते तुमच्या पगारातून. त्यावर मालक किती घालतो आणि ते कुठे जातं? ‘कंपनी तेवढेच पैसे भरते’ हे ऐकून फंडाचं पासबुक उघडलं की कंपनीच्या रकान्यात तुमच्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आकडा दिसतो, आणि फसवणूक झाली असं वाटतं. बहुतेक वेळा ती फसवणूक नसते. पण कधीकधी असते, म्हणून हिशेब स्वतः करता यायला हवा.

समजा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आहेत. तुमचे १२ टक्के म्हणजे १,५६० रुपये कापले जातात. मालकाचेही १२ टक्के म्हणजे १,५६०, पण त्यांचे दोन भाग होतात: ८.३३ टक्के म्हणजे १,०८३ रुपये पेन्शनला जातात आणि उरलेले ४७७ रुपये तुमच्या फंडात. म्हणून पासबुकात तीन आकडे दिसतात: १,५६०, ४७७ आणि १,०८३. दुसरा आणि तिसरा मिळून पहिल्याएवढे झाले की कंपनीचा वाटा बरोबर आहे. प्रत्येक महिन्याला ही एकच बेरीज करायची. याशिवाय विम्यासाठी अर्धा टक्का आणि प्रशासकीय शुल्क मालकच भरतो. ते पासबुकात येत नाही आणि तुमच्या पगारातून कापताही येत नाही.

पेन्शनच्या भागाला १५,००० रुपयांच्या पगाराची मर्यादा आहे, त्यामुळे तो महिन्याला १,२५० च्या वर जात नाही. मूळ पगार २४,००० असेल तर कंपनीपुढे दोन मार्ग असतात. १५,००० वरच फंड भरला तर तुमचे १,८००, कंपनीचे फंडात ५५० आणि पेन्शनला १,२५०. पूर्ण पगारावर भरला तर तुमचे २,८८०, कंपनीचे १,६३० आणि पेन्शनला तेच १,२५०. दोन्ही कायद्यात बसतं. म्हणून नोकरी बदलताना ‘पीएफ आहे ना?’ एवढ्यावर थांबू नका. ‘मर्यादेवर भरता की पूर्ण मूळ पगारावर?’ असं विचारा. महिन्याला कंपनीकडूनच १,०८० रुपयांचा फरक पडतो. मात्र वार्षिक पॅकेज सांगताना कंपनीचा वाटा अनेकदा त्यातच धरलेला असतो, तेव्हा दोन नोकऱ्यांची तुलना हातात येणारा पगार आणि फंड वेगवेगळे मांडूनच करा.

तुम्ही मर्जीने १२ टक्क्यांहून जास्त भरू शकता. त्यावर व्याज तेच मिळतं (२०२४-२५ साठी ८.२५ टक्के), पण मालकाने आपला वाटा वाढवायचं बंधन नाही.

एक चूक फार होते आणि कळते ती पैसे काढताना. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा फंडात आलेला आणि तेव्हाच १५,००० च्या वर पगार असलेला माणूस पेन्शन योजनेत बसत नाही. त्याच्यासाठी कंपनीचे पूर्ण १२ टक्के फंडातच जायला हवेत. तरी पगारपत्रक करणारा सवयीने १,२५० पेन्शनला टाकत राहतो. तुम्ही या गटात असाल आणि पेन्शनच्या रकान्यात आकडा दिसला, तर पहिल्याच वर्षी लेखी दुरुस्ती मागा.

आता जिथे खरंच मार बसतो ते.

पासबुकात वाट्यांच्या आधी पगाराचा रकाना असतो. लोक तो सोडून थेट शिल्लक बघतात. ठेकेदार २६ दिवस काम करून घेऊन १२ दिवसांचा पगार दाखवतो. टक्केवारी बरोबर, बेरीज बरोबर, फक्त मुळातला आकडाच खोटा. म्हणून हजेरी कार्ड, स्लिप आणि पासबुकातला पगार, तिन्ही शेजारी ठेवा. ओव्हरटाइम, बोनस आणि घरभाडे भत्त्यावर सहसा फंड नसतो, हेही लक्षात ठेवा. मात्र मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून बाकी रक्कम सरसकट सगळ्यांना ‘विशेष भत्ता’ म्हणून देण्याची युक्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नाकारली आहे. असा भत्ता फंडासाठी पगारातच धरावा लागतो.

दुसरा प्रकार म्हणजे स्लिपवर २४ टक्के कपात, दोन्ही वाटे कामगाराच्याच खिशातून. हे नियमबाह्य आहे. आणि ठेकेदाराने पैसे कापून भरलेच नाहीत तर मूळ कंपनी हात वर करू शकत नाही. ठेकेदाराच्या कामगारांचा फंड भरला जाण्याची जबाबदारी तिच्यावरही आहे. तक्रारीत दोघांची नावं घाला.

साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांसाठी दोन गोष्टी. गाळप बंद असताना कामगार टिकून राहावा म्हणून जो रिटेन्शन भत्ता मिळतो, त्यावरही दोन्ही वाटे भरावे लागतात. जून-जुलैच्या ओळी कोऱ्या असतील तर विचारा. आणि पेन्शनच्या सेवेत हंगामी कामगाराचा एक हंगाम पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणजे दहा हंगाम भरले की पेन्शनची दहा वर्षांची अट पुरी होते. (मुकादमाकडून उचल घेऊन जाणारा ऊसतोड मजूर मात्र या सगळ्यात कुठेच नसतो.)

पेन्शनच्या रकान्यावर व्याज चढत नाही, ती तुमची शिल्लकही नव्हे. दहा वर्षांनंतर ५८ व्या वर्षी शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७० असा हिशेब होतो: १३,००० रुपये आणि १८ वर्षं असतील तर महिन्याला साधारण ३,३४३. फंडातला कंपनीचा वाटा मात्र पहिल्या महिन्यापासून तुमचाच. सहा महिन्यांत नोकरी सोडली तरी कंपनीला तो परत घेता येत नाही. ग्रॅच्युइटीची पाच वर्षांची अट इथे लावून काही ठिकाणी माणसं घाबरवली जातात, ऐकू नका.

तपासायचं असं. यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा तुमचा फंडाचा क्रमांक) सुरू करून मोबाइल आणि आधार जोडलेला ठेवा. शिल्लक कळायला नोंदवलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस कॉल पुरतो, पण वाटे बघायला सरकारच्या उमंग अ‍ॅपमधलं किंवा ईपीएफओच्या (फंड सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) संकेतस्थळावरचं पासबुकच लागतं. मार्चच्या पगाराचे पैसे १५ एप्रिलपर्यंत भरायचे असतात, आणि नोंदीच्या तपशिलात एप्रिलचा महिना लिहिलेला दिसतो; एक महिना चुकला असं समजून भांडायला जाऊ नका. सलग दोन महिने नोंद नसेल तर मात्र थांबू नका.

ठेकेदार बदलला की नवा यूएएन काढू देऊ नका, जुनाच द्या. दोन यूएएन झाले की सेवेची वर्षं तुटतात आणि दहा वर्षांच्या पेन्शनला तेच महागात पडतं. जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः ऑनलाइन टाकता येते.

तक्रार आधी कंपनीच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. मग ईपीएफओच्या ऑनलाइन तक्रार सुविधेवर स्लिप, हजेरी आणि पासबुक जोडून नोंदवा. बीड, हिंगोली किंवा परभणीहून छत्रपती संभाजीनगरला खेटे घालण्याआधी दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात भरणाऱ्या ईपीएफओच्या ‘निधी आपके निकट’ शिबिराची जागा विचारून घ्या. तुमच्या पगारातून कापलेला वाटा न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरतो, आणि उशिरा भरला तर मालकाला वर्षाला १२ टक्के व्याज आणि शिवाय वेगळा दंड लागतो. अर्जात महिनावार तक्ता द्या: महिना, भरलेले दिवस, स्लिपवरचा पगार, पासबुकातला पगार, फरक. नुसतं ‘फंड भरत नाहीत’ असं लिहिलेला अर्ज ‘कोणत्या महिन्याचा?’ असं विचारून परत येतो.