डर्कची मूठ बदलायची असेल तर

डर्क हा स्कॉटलंडच्या हायलँड भागातला कमरेचा खंजीर. साधारण फूटभर लांब एकधारी पाते, परज (मुठीपुढची आडवी संरक्षक पट्टी) नाही, आणि एकाच लाकडातून कोरलेली मूठ. सध्या हौसेने घेतल्या जाणाऱ्या बहुतेक डर्क नव्या प्रतिकृती असतात आणि त्यांची मूठ पाहून निराशा होते: काळे प्लास्टिक, साच्यातून काढलेली बोथट नक्षी. पाते मात्र बऱ्यापैकी असते. अशा डर्कला लाकडी मूठ बसवणे घरच्या हत्यारांनी जमते.

आधी खात्री करा की हातातली वस्तू खरोखर प्रतिकृतीच आहे. जुन्या डर्कची मूठ भेगाळलेली असली तरी तिला हात लावू नका. तिचे मोल त्या मुठीतच असते. कायद्याचेही पाहा. भारतात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा खंजीर शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतो आणि डर्क सहज त्यात बसतो. तुमच्या भागात नियम काय, ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

जुनी मूठ काढणे

पात्याला जाड कापड गुंडाळून वरून टेप लावा आणि व्हाइसमध्ये दोन लाकडी पट्ट्यांच्या मधे धरा. पात्याची अरुंद शेपटी मुठीतून आरपार जाऊन वरच्या धातूच्या टोपीवर अडकवलेली असते. तिथे नट असेल तर काम सोपे. टोक ठोकून पसरवलेले असेल तर तो पसरलेला भाग कानशीने हळूहळू घासा. करवतीने कापू नका, कारण शेपटीचा प्रत्येक मिलिमीटर पुढे उपयोगी पडतो. टोपी निघाल्यावर मूठ हलली नाही, तर प्लास्टिक उभे चिरून काढा. ते जाळू नका, धूर विषारी असतो. शेपटीला चिकटलेला एपॉक्सी (घट्ट वाळणारा गोंद) गरम हवेने मऊ पडतो. तेव्हा पात्यावर ओले फडके ठेवा, म्हणजे पोलादाचे पाणी (कडकपणा) उतरणार नाही.

लाकूड

मूळ कारागीर बॉक्सवूड, आयव्हीचे मूळ आणि दलदलीत सापडणारे काळे ओक वापरत. हे ओक हजारो वर्षे पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, चिखलात पडून राहते. त्यातल्या टॅनिनचा पाण्यातल्या लोहाशी संयोग होऊन ते काळे पडते. आपल्याकडे मिळणारे शिसम चांगले, पण त्याची धूळ त्रास देते, मास्क लावा. ओकचा तुकडा मिळालाच तर व्हिनेगरमध्ये स्टील वूल काही दिवस भिजवून ते पाणी लाकडाला लावा. चिखलात जे घडते तेच इथे काही मिनिटांत घडते. लाकूड कोणतेही घ्या, पण पूर्ण वाळलेले हवे. साडेपाच इंच लांब आणि सव्वादोन इंच चौरस ठोकळा पुरतो.

भोक आधी, आकार नंतर

सगळी मेहनत इथे आहे. ठोकळा चौकोनी असतानाच चारही बाजूंना मध्यरेषा आखा आणि दोन्ही टोकांकडून ड्रिल करा. शेपटी चपटी असेल तर शेजारी शेजारी तीन बारीक भोके पाडून ती अरुंद कानशीने जोडा. मग शेपटीला काजळी लावून आत घाला, काढा, आणि आत जिथे काळे लागले तिथेच खरवडा. हे पुन्हा पुन्हा करावे लागते. शेवटी पात्याचे खांदे (पाते संपून शेपटी सुरू होते तिथल्या कडा) लाकडात थोडे रुतून बसले पाहिजेत आणि पाते जरासुद्धा डुलता कामा नये. गोंदाने फट भरून निघेल या आशेवर राहणाऱ्यांच्या मुठी पुढे सैल होतात.

आता बाजूची आकृती आखून करवतीने कापा. डर्कच्या मुठीची ओळख तीन ठिकाणी असते: पात्यालगतचे दोन फुगीर खांदे, मधली गोल पकड आणि वरची चपटी तबकडी. खांदे आधी रफ कानशीने काढा, पकड शेवटी. दर थोड्या वेळाने मूठ हातात धरून पाहा. इथे मापापेक्षा तळव्याचे ऐका.

वेलबुट्टी

पकडीवर एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्यांची केल्टिक नक्षी असते. पेन्सिलने तिरकी जाळी आखा, पट्ट्या रेखा आणि नियम एकच पाळा: पट्टी एका छेदावर वरून गेली तर पुढच्या छेदावर खालून. एक जागा चुकली तर सगळी वीण विसकटते, म्हणून छेदांवर आधीच खुणा करा. बारीक व्ही-पटाशीने कडा काढून मधली जमीन मिलिमीटरभर खोल करा. जाळीच्या मोकळ्या जागी छोटे पितळी खिळे ठोकायची जुनी पद्धत आहे. प्रत्येक खिळ्यासाठी आधी भोक पाडा, नाहीतर लाकूड तडकेल.

टोपीवर धुरकट स्फटिक, म्हणजे केर्नगॉर्म, बसवायचा मोह होतो. ही पुढच्या काळातली हौस. १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या पोशाखावर आलेली बंदी १७८२ मध्ये उठली, आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आल्यावर या पोशाखाला दरबारी झगमगाट चढला. जुन्या वळणाची डर्क हवी असेल तर साधी पितळी टोपी पुरे. रंगीत काच तर नकोच, नाटकातला खंजीर वाटतो.

जोडणी

जोडण्याआधी जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. भोकात सावकाश वाळणारे एपॉक्सी भरा. पुढे कधी मूठ काढावीशी वाटेल असे असेल तर लाख वापरा. आपल्याकडे तलवारींच्या मुठी लाखेनेच बसवत आणि गरम केली की ती सुटते. टोपी ठेवून नट आवळा, किंवा शेपटीचे टोक हलक्या हातोडीने कडेकडेने पसरवा. एकच जोराचा घाव म्हणजे उभी भेग.

एपॉक्सी चोवीस तास वाळल्यावर डर्क म्यानात घालून पाहा. नवे खांदे तोंडाशी अडत असतील तर लाकूड घासा, म्यान कापू नका. म्यानावर छोटी सुरी आणि काटा ठेवायची जागा असेल, तर त्यांच्या मुठी उरलेल्या ठोकळ्यातूनच काढा, म्हणजे तिन्हींचा रंग आणि रेषा जुळतील.