पुण्याहून उतरताना बोरघाटाचा लोहमार्ग कसा पाहावा

बोरघाटाचा लोहमार्ग कसा बांधला गेला हे डोळ्यांनी समजून घ्यायचे असेल, तर पुण्याहून मुंबईला जाणारी दिवसाची गाडी धरावी आणि गाडीच्या दिशेने तोंड केल्यावर उजव्या हाताला येणारी खिडकी मिळवावी, कारण खंडाळ्यानंतर उल्हास नदीची दरी त्याच बाजूला उघडते. पाऊस ओसरल्यावरचा दिवस उत्तम. भर पावसात धुके कडा झाकून टाकते.

निघण्यापूर्वी दोन आकडे ध्यानात ठेवावेत: सुमारे २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फुटांची चढण, आणि सर्वांत अवघड जागी दर ३७ फुटांमागे एक फूट चढ. चढ फार उभा झाला की लोखंडी चाक रुळावर घसरू लागते. म्हणून मुख्य अभियंता जेम्स बर्कली याने मार्ग डोंगराच्या अंगाला चिकटून नेला; सोंड आडवी आली की बोगदा, ओढा आला की पूल. खंडाळ्याजवळ वळायलाही जागा नव्हती. तेथे गाडी कड्याच्या टोकापर्यंत नेऊन, इंजिन दुसऱ्या बाजूला जोडून, उलट दिशेने पुढे काढत. विद्युतीकरणाच्या सुमारास, १९२९ मध्ये, नवा मार्ग झाल्यावर हा खटाटोप संपला.

बोगद्यात शिरताच नजर आतल्या भिंतीवर न्यावी. जेथे अस्तर नाही तेथे डब्यातून पडणाऱ्या उजेडात ओला, ओबडधोबड काळा पाषाण दिसतो, आणि तो पाहताना हे आठवावे की १८५६ ते १८६३ या बांधकामाच्या काळात डायनामाइट अजून आलेलेच नव्हते. हाताने पहार मारून भोक पाडायचे, त्यात दारू ठासायची आणि वात पेटवून दूर व्हायचे, असे ते काम होते. पाय टेकायला जागा नसे तेथे माणसांना कड्यावरून दोराने खाली सोडत आणि ती लोंबकळतच भोके पाडत.

१८६१ च्या सुरुवातीला या घाटात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने त्यांतले असंख्य गेले. थकलेल्या मजुरीवरून १८५९ मध्ये दंगा झाला. त्याच वर्षी नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. साहेबांची नावे कागदोपत्री राहिली, पहार धरणाऱ्यांची राहिली नाहीत, याची मला दर फेरीला खंत वाटते.

उतारावर मुख्य मार्गातून फुटून डोंगराकडे वर चढत जाणारे आणि तेथेच संपणारे रूळही शोधावेत. ब्रेक निकामी झालेली गाडी त्या चढावर जाऊन आपोआप थांबावी, यासाठी ते असतात.

शेवटी कर्जतला उतरून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहावी आणि फलाटाच्या मुंबईकडच्या टोकाला उभे राहावे. घाट चढवण्यासाठी मागून बँकर इंजिने येतात, शेवटच्या डब्याला हलकेच टेकतात, आणि ती जोडणी पुरी झाल्यावरच गाडी हलते.