परसातला पक्षी आज वेगळं गातोय, हे कसं ओळखावं

वेगळं गाणं लक्षात यायचं तर आधी रोजचं पाठ हवं. कोल्हापुरात रुईकर कॉलनीत राहा की कळंब्याकडे, सुरुवातीला पाचच पक्षी धरा: दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिंपी, तांबट, कोकीळ. उन्हाळा हा गाण्याचा भर. मे महिन्यात साडेपाचलाच गच्चीत जा. रस्ता जागा झाला की बारीक आवाज बुडतात.

पहिले दोन आठवडे रोज १५ मिनिटं नुसतं ऐका. वहीत वेळ, जागा आणि आवाज अक्षरांत लिहा: तांबटाचं एका लयीतलं 'टुक-टुक', शिंप्याचं खणखणीत 'टुविट-टुविट'. दयाळाला जास्त वेळ द्या. तो शिट्टीचा एक तुकडा घेतो, थांबतो, पुन्हा घेतो, मग बदलतो. दोन नरांचे तुकडे सारखे नसतात, त्यामुळे पलीकडच्या गल्लीतला दयाळ निराळा वाटणारच. रोज आपल्याच तारेवर बसणारा नर नवा तुकडा घेऊ लागला, तर ती खरी नोंद.

अनोळखी आवाज आला की आधी रेकॉर्डिंग, शोधाशोध नंतर. फाइल शक्यतो वेव्ह (WAV, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या) स्वरूपात ठेवा, निदान अर्धा मिनिट घ्या. माइकचं छिद्र पक्ष्याकडे करा, त्यावर बोट येऊ देऊ नका. वारा असेल तर त्याच्याकडे पाठ करून मोबाईल अंगाच्या आडोशाला धरा, नाहीतर नुसती घरघर येते. शेवटी तारीख, वेळ, ठिकाण बोलून ठेवा.

आता चोच हलताना पाहा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. हाक शिक्र्याची (छोट्या शिकारी पक्ष्याची) आणि तारेवर काळा कोतवाल, असं हमखास घडतं. कोतवाल नक्कल करतो. पर्णपक्षी आणि नकल्या खाटीकही त्यातलेच. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप अशा वेळी नक्कल झालेल्या पक्ष्याचं नाव दाखवू शकतं, तेव्हा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते नाव धरू नका. 'किक्-किक्-किक्' ही कोकिळेच्या मादीची हाक, नवा पक्षी नव्हे. दाट पानांत कुणी हळू, तुटक पुटपुटत असेल तर गाणं शिकणारं पिल्लू असू शकतं. मांजर किंवा साप दिसल्यावरचा बुलबुलांचा कलकलाट तर गाणंच नव्हे.

पक्षी दिसावा म्हणून रेकॉर्डिंग वाजवू नका. विणीच्या दिवसांत नर हद्द राखायला धावतो आणि घरट्याकडे दुर्लक्ष होतं. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी थांबा. आवाज पुन्हा आला, पक्षी दिसला, की ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या आपल्या यादीला रेकॉर्डिंग जोडा आणि नक्कल कुणाची वाटली तेही लिहा.