नवा राउटर लागेना, तेव्हा मॅक अ‍ॅड्रेस बघा
फायबरच्या डब्यातून आलेली केबल नव्या राउटरच्या वॅन पोर्टला (बाहेरचं नेट आत येतं त्या खाचेला) लावली, सेटिंगमध्ये पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन नेटला जोडायची पद्धत) निवडून युजरनेम-पासवर्ड भरला. तरी नेट येईना. पासवर्ड बरोबरच होता, जुन्या राउटरवर तोच चालत होता. मग कळलं, आमच्या नेटवाल्यांकडे खातं जुन्या राउटरच्या मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे त्याच्या नेटवर्क ओळख क्रमांकाला, बांधलेलं आहे. जुना राउटर लावून त्याच्या स्टेटस पानावरचा वॅन मॅक उतरवून घेतला आणि नव्यात ‘मॅक क्लोन’मध्ये टाकला. लगेच जोडलं! तळाच्या स्टिकरवरचा मॅक घेऊ नका, तो बऱ्याचदा लॅनचा, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या बाजूचा, असतो. एमटीयू (डेटाच्या एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट) मात्र १४९२ ठेवा. नेहमीच्या १५०० पैकी ८ बाइट पीपीपीओईलाच लागतात, नाहीतर काही साइट अर्धवट उघडून अडकतात.