नियोजनाच्या तक्त्यातले रिकामे चौकोन

उत्पादन नियोजन विभागात रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी आठवड्याचा जो तक्ता तयार केला, तो मला इतका आवडला होता की त्याची एक प्रत मी टेबलासमोर लावून ठेवली होती. प्रत्येक यंत्राची प्रत्येक पाळी भरलेली होती. रिकामा चौकोन शोधूनही सापडला नसता. विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो शांतपणे पाहिला आणि एवढेच विचारले, “यात भट्टी कधी बिघडणार आहे?” मला तो विनोद वाटला. दहा पाळ्यांनंतर हीट ट्रीटमेंटच्या (धातू तापवून त्याचे गुणधर्म बदलण्याच्या) भट्टीसमोर माल इतका साचला की चालायला वाट उरली नाही, तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ लागला.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी आधी थोडी ओळख करून देतो. कच्चा माल, माणसे, यंत्रे आणि वेळ यांतून वस्तू किंवा सेवा ज्या व्यवस्थेमुळे घडते, ती व्यवस्था आखणे व चालवणे म्हणजे ऑपरेशन्स मॅनेजमेंट. शस्त्रक्रियागृहाचे वेळापत्रक किंवा गोदामातून माल बाहेर काढण्याचा क्रम हेही त्यातच येते. काय, किती, कधी आणि कोणत्या यंत्रावर करायचे हे ठरवणारे उत्पादन नियोजन हा त्याचाच एक भाग आहे.

माझ्या तक्त्यातली चूक साध्या आकड्यांत सांगता येते. समजा, कटिंगमधून तासाला 60 नग निघतात, भट्टीतून 40 आणि ग्राइंडिंगमधून 50. तिन्ही ठिकाणी आठ तास पूर्ण काम दिले, तर कटिंग 480 नग देईल, पण भट्टीतून 320च बाहेर पडतील. दर पाळीला 160 नग मागे राहिले, की दहा पाळ्यांत 1600 नगांचा ढीग होतो. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो, की व्यवस्थेत असलेले काम म्हणजे ते पुढे सरकण्याचा वेग गुणिले ते आत राहण्याचा सरासरी काळ. त्या हिशेबाने भट्टीसमोर आज ठेवलेल्या नगाला 40 तास, म्हणजे पाच पाळ्या, नुसते थांबावे लागते. कटिंग पूर्ण वेळ चालवून मी तयार मालात एकाही नगाची भर घातली नव्हती; फक्त रांग लांबवली होती. भट्टी हे आमचे बॉटलनेक, म्हणजे सर्वांत संथ टप्पा, होते आणि संपूर्ण साखळीचा वेग तिच्याइतकाच असणार होता.

त्यातही भट्टीचा वेग घड्याळासारखा स्थिर नव्हता. कामाचे आगमन आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळ दोन्ही अनियमित असले, तर रांगेच्या सर्वांत साध्या गणिती प्रारूपानुसार, 80 टक्के भार (म्हणजे क्षमतेच्या 80 टक्के काम) असताना सरासरी ताटकळण्याचा काळ प्रत्यक्ष कामाच्या चौपट असतो. 90 टक्क्यांवर तो नऊपट होतो आणि 95 टक्क्यांवर एकोणीसपट. शेवटच्या काही टक्क्यांचा हा चढ नवशिक्याच्या लक्षात येत नाही, कारण तक्त्यावर 90 आणि 95 हे आकडे अगदी शेजारी दिसतात. म्हणून बॉटलनेकसमोर थोडा, मोजलेला साठा ठेवावा, म्हणजे ते मालाअभावी थांबणार नाही. पण ग्राहकाला तारीख देताना त्याची क्षमता शंभर टक्के धरू नये.

लॉट, म्हणजे एकाच प्रकारच्या नगांचा सलग करायचा गट, किती मोठा घ्यावा, हा दुसरा प्रश्न लगेचच समोर येतो. सेटअपला, म्हणजे नव्या कामासाठी यंत्र जुळवून घ्यायला, दोन तास आणि प्रत्येक नगाला तीन मिनिटे लागत असतील, तर 40 नगांच्या लॉटमध्ये एका नगावर सहा मिनिटे पडतात आणि 400 नगांच्या लॉटमध्ये 3.3 मिनिटे. आकडा पाहून मोठाच लॉट घ्यावासा वाटतो, पण तेवढा काळ बाकीची सर्व कामे खोळंबतात आणि साठ्यात पैसा अडकतो. या दोन खर्चांचा मेळ घालणारे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी 1913 मध्येच मांडले होते. पुढे जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी प्रश्नच उलटा केला: सेटअपचा वेळ दिलेला आहे असे का मानायचे? यंत्र चालू असतानाच करता येण्याजोगी तयारी वेगळी काढली, तर यंत्र थांबवण्याचा काळ पुष्कळ घटतो. माझ्या मते नवशिक्याने सूत्रात आकडे भरण्यापूर्वी एक पूर्ण सेटअप यंत्राजवळ उभे राहून पाहावा. मी पाहिला, तेव्हा बराचसा वेळ पाना आणि गेज (माप तपासण्याचे साधन) शोधण्यात गेला.

नियोजनाच्या संगणकप्रणालीविषयी थोडक्यात सांगतो. ती बिल ऑफ मटेरियल (वस्तूला लागणाऱ्या सुट्या भागांची यादी) आणि साठ्याच्या नोंदींवर विसंबून पुरवठ्याच्या तारखेपासून मागे मोजत येते. एका वस्तूला 20 सुटे भाग लागत असतील आणि प्रत्येकाची नोंद बरोबर असण्याची शक्यता 98 टक्के असेल, तर सर्व नोंदी एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता साधारण 67 टक्केच उरते. “प्रणालीत माल दिसतो, पण स्टोअरमध्ये नाही” ही रोजची तक्रार याच गणितातून जन्मते.

भट्टीच्या गतीनेच कटिंगला काम सोडायचे ठरले, तेव्हा कटिंगचे सुपरवायझर माझ्यावर चिडले, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. त्यांच्या विभागाचे मोजमाप दर पाळीच्या नगांवर होत होते. काम कमी सोडले की त्यांची कार्यक्षमता कागदावर घसरणार होती. ते मोजमाप बदलून ‘ठरलेला लॉट ठरलेल्या दिवशी दिला का’ असे करायला तीन बैठका लागल्या. तोपर्यंत ते मला न सांगता जादा नग कापत राहिले आणि मी ते पाहूनही काही बोललो नाही. त्यानंतरच्या तक्त्यात कटिंगच्या ओळीत रोज दोन-तीन चौकोन रिकामे राहू लागले, आणि त्या वेळेत यंत्राची देखभाल व पुढच्या सेटअपची तयारी होऊ लागली.