इंग्लिश बायोडेटात डिग्री आणि पद: कॅपिटल कधी, स्मॉल कधी

आपल्या देवनागरीत मोठं-छोटं अक्षर हा प्रकारच नाही, त्यामुळे इंग्लिशमधे बायोडेटा लिहायला बसलं की जे जे महत्त्वाचं वाटेल त्याला आपण कॅपिटल देत सुटतो, मॅनेजर कॅपिटल, डिग्री कॅपिटल, एक्सपिरियन्सपण कॅपिटल. पण कॅपिटल मान द्यायला नसतं हो, ते विशेषनामाला असतं. शाळेतलं विशेषनाम-सामान्यनाम आठवा, निम्मं काम तिथेच होतं.

आधी डिग्री सर्टिफिकेट समोर ठेवा. त्यावरचं पूर्ण नाव जसंच्या तसं लिहिताय, म्हणजे बॅचलर ऑफ कॉमर्स, तर बी आणि सी कॅपिटल, मधला ऑफ स्मॉल. पण 'माझ्याकडे कॉमर्समधली बॅचलर्स डिग्री आहे' असं वाक्य असेल तर तिन्ही शब्द स्मॉल, आणि बॅचलर्सच्या शेवटच्या एसआधी अपॉस्ट्रॉफी हवीच, ती बरेच जण खातात. डिप्लोमाचंही सेम.

मग शॉर्टफॉर्म बघा. पीएचडीत पी आणि डी मोठे, मधला एच छोटा. बीएस्सीत शेवटचा सी छोटा. एमबीए मात्र सगळंच कॅपिटल.

आता विषय, इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. फिजिक्स, हिस्ट्री, अकाउंटन्सी स्मॉल, पण मराठी, इंग्लिश, संस्कृत ही भाषांची नावं, त्यांना कायम कॅपिटल. त्यामुळे 'फिजिक्स, मराठी आणि हिस्ट्री शिकवतो' अशा ओळीत एकट्या मराठीचा एम मोठा दिसेल, विचित्र वाटलं तरी तेच बरोबर आहे, बदलू नका. डिपार्टमेंट ऑफ केमिस्ट्री हे विभागाचं अधिकृत नाव, म्हणून डी आणि सी कॅपिटल.

पदाचं बघताना एकच विचारा, ते नावाच्या आधी चिकटून आलंय का? चिंतामणराव देशमुख 1943 मधे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. 'गव्हर्नर देशमुख' लिहिताना जी कॅपिटल, पण 'देशमुख, बँकेचे गव्हर्नर' अशी रचना असेल तर जी स्मॉल. एवढ्या मोठ्या माणसाचं पद स्मॉल लिहायला हात धजत नाही, तरी इंग्लिशमधे त्यात अपमान नाही. मग 'नाशिकला सेल्स एक्झिक्युटिव्ह म्हणून काम केलं' या वाक्यात आपलं पदही स्मॉलच, कॅपिटल फक्त नाशिकच्या एनला.

हे सगळं वाक्यातलं झालं. बायोडेटातली हेडिंगं, सहीखालचं पद, व्हिजिटिंग कार्ड, पत्त्यातला 'द प्रिन्सिपल' इथे बिनधास्त कॅपिटल द्या. आणि सरकारी जाहिरातीला अर्ज करताय तर पदाचं नाव तिथे छापलंय तसंच उचला, तिथे आपलं व्याकरण चालवू नका.

शेवटी कंट्रोल एफ दाबून मॅनेजर, इंजिनिअर, डिग्री हे शब्द एकेक शोधा, म्हणजे पहिल्या पानावर स्मॉल आणि दुसऱ्यावर कॅपिटल असं झालं असेल तर लगेच सापडेल.